ज्यांच्यावर लिहिलं, त्यांनी वाचलं तेव्हा

२०१० साली सांगलीच्या काही बायकांनी एक समीक्षा केली. ती कुठं छापून आली नाही. त्या कॅमेऱ्यासमोर बसून बोलल्या आणि ते चित्रण इंटरनेटवर टाकलं. विषय होता ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ हा माहितीपट. परदेशी कॅमेरा सांगलीत आणि सीमाभागात फिरून, देवदासींवर चित्रपट करून निघून गेला होता. तो जगभर पाहिला गेल्यावर वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, या संघटनेच्या सदस्यांनीही तो पाहिला. मग त्यांनी उत्तर दिलं. आमच्या देवीची टिंगल झाली, आमची नाती वाकडी करून दाखवली, विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी चारचौघांत उघड्या केल्या, असा त्या उत्तराचा रोख होता.

समीक्षा हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे. आशय, निवेदकाची भूमिका, साधनांचा प्रामाणिकपणा या तिन्हींवर त्या बोलल्या. आपल्याकडच्या पुस्तक-परीक्षणांत या तिन्हींपैकी एकही सापडत नाही असे कितीतरी महिने जातात. शिवाय त्यांच्या समीक्षेला एक धार होती जी माझ्यासारख्याच्या समीक्षेला येऊ शकत नाही. चित्रपट वाईट असला तर माझी एक संध्याकाळ वाया जाते. त्यांच्या बाबतीत गावातलं घर, पोरांची शाळा आणि गल्लीतली पत पणाला लागते.

एड्सविषयी भारतात जे गाजलेलं इंग्रजी लेखन झालं, त्यातला बराच ऐवज या पट्ट्यातून गेलेला आहे. बेंगळुरूहून रात्रीच्या बसनं निघालं की पहाटे बेळगाव येतं, पुढं निपाणी, कोल्हापूर, मिरज, सांगली. वाटेत आडबाजूला सौंदत्तीचा डोंगर, त्याच्यापलीकडे बागलकोट. या रस्त्यावर कानडी कुठं संपते आणि मराठी कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. यल्लम्माच्या नावानं सोडलेल्या पोरी या रस्त्यानं पुण्या-मुंबईला गेल्या आणि आजार घेऊन याच रस्त्यानं परत आल्या. त्यांची गोष्ट मात्र निराळ्या वाटेनं गेली. ती दिल्लीला आणि लंडनला जाऊन इंग्रजी झाली आणि तिथून बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरल्या दुकानांत पुस्तकरूपानं आली. मी ती तिथं विकत घेतली.

यातलं सर्वांत मानाचं पुस्तक ‘एड्स सूत्र’, २००८ सालचं. गेट्स फाउंडेशनच्या पाठबळानं निघालेलं, अमर्त्य सेन यांची प्रस्तावना असलेलं. सलमान रश्दी, किरण देसाई, विक्रम सेठ, सुनील गंगोपाध्याय, अमित चौधुरी, शोभा डे, सी. एस. लक्ष्मी अशी सोळा लेखकांची यादी. प्रत्येकानं देशाच्या एकेका कोपऱ्यात जायचं आणि पाहिलेलं लिहायचं. कल्पना चांगली, आणि काही लेख खरोखर चांगले आहेत. रुग्णालयानं गोपनीयता मोडल्यामुळे ज्याचं लग्न मोडलं त्या माणसाच्या खटल्यावर निकिता लालवानी यांनी लिहिलं आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या लग्नाच्या हक्कावरच बोट ठेवलं, आणि ते मत न्यायालयाला पुढं २००२ साली मागं घ्यावं लागलं. हा लेख मला संग्रहातला सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण त्यात दयेला फारसं काम नाही. कागदपत्रं आहेत, तारखा आहेत, आणि एक माणूस आहे जो आपल्याविषयी कुणाला वाईट वाटावं म्हणून बोलत नाही.

बाकी पुस्तकात मात्र लेखक पाहुणा आहे हे विसरता येत नाही. गाडी येते, संस्थेचा कार्यकर्ता सोबत असतो, अंधाऱ्या खोलीत चहा येतो, बाई बोलते, लेखक हेलावतो. सोळांपैकी बऱ्याच लेखांचा सांगाडा हाच. विल्यम डॅलरिंपल यांचा देवदासींवरचा लेख (तो पुढं त्यांच्या ‘नाइन लाइव्ह्ज’मध्येही आहे) या सगळ्यांत कसबी आहे. सौंदत्तीचा इतिहास, देवीची कथा, बाईचं बोलणं, तिची म्हातारपणी म्हशी घेऊन राहण्याची स्वप्नं, सगळं नेटकं विणलेलं. आणि मग अगदी शेवटी, तिच्या माघारी, दुसऱ्याच्या तोंडून, तिला स्वतःलाही हा आजार आहे हे वाचकाला कळतं. कथेच्या दृष्टीनं हा शेवट बिनतोड आहे. माझी अडचण तीच आहे. तिनं जे सांगितलं नाही ते लेखाचं सर्वांत परिणामकारक वाक्य ठरतं. एड्सच्या बाबतीत ‘कुणी, कुणाला, केव्हा सांगायचं’ हा सगळ्या प्रश्नांचा गाभा आहे. याच देशात २०१७ साली झालेल्या आणि २०१८च्या सप्टेंबरपासून अमलात आलेल्या एचआयव्ही कायद्यानं माणसाच्या संमतीविना त्याची स्थिती उघड करण्याला बंदी घातली. साहित्याला हा कायदा लागू करा असं मी म्हणत नाही. पण तो शेवट वाचताना मला कलाटणीचा आनंद झाला नाही, हे नोंदवतो.

रश्दींच्या लेखात ठाण्याची लक्ष्मी भेटते. पुढं चार वर्षांनी, २०१२ साली, लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. रश्दींच्या लेखातली लक्ष्मी अर्धनारीश्वराच्या छायेत उभी आहे. तिच्या स्वतःच्या पुस्तकात ती ठाण्याच्या घरात, आईवडिलांच्या समोर, डान्स बारमध्ये, संस्थेच्या बैठकीत उभी आहे आणि पुष्कळ वेळा भांडते आहे. दुसऱ्या पुस्तकाची भाषा पहिल्याइतकी घोटीव नाही. तरी मी पुन्हा उघडतो ते दुसरं.

‘एड्स सूत्र’ ज्या पैशांतून निघालं त्याच पैशांतून ‘आवाहन’ हा प्रकल्प २००३ साली उभा राहिला होता, कर्नाटक आणि महाराष्ट्र धरून सहा राज्यांत. त्याचे प्रमुख अशोक अलेक्झांडर यांनी २०१८ साली ‘अ स्ट्रेंजर ट्रूथ’ लिहिलं. व्यवस्थापन-सल्लागाराच्या नोकरीतून थेट या कामात आलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे आणि त्याच्या भाषेत त्या नोकरीच्या खुणा जागोजागी आहेत. पण पुस्तकाला एक गुण आहे जो ‘सूत्रा’त नाही: हा माणूस वर्षानुवर्षं परत परत तिथं जातो, आणि बायका त्याला दुरुस्त करत राहतात. तो कंडोमचा हिशेब घेऊन जातो, त्या पोलिसांच्या काठीविषयी बोलतात. त्याला दहा वर्षांनंतरच्या मरणाची काळजी आहे, त्यांना आज रात्रीच्या माराची. तो मार थांबवण्याची सोय आधी झाली तेव्हाच कंडोमचं बोलणं पुढं सरकलं, हे या प्रकल्पाचं खरं शहाणपण होतं आणि ते मुळात बायकांचं होतं. अलेक्झांडर हे मान्य करतात. फक्त मान्य करताना ते ‘धडे’ असा शब्द वापरतात, तो मला खुपतो.

भाषांतराच्या कामामुळे मला या क्षेत्राची दुसरी बाजू थोडी पाहायला मिळाली. एका संशोधन प्रकल्पासाठी मी काही काळ मराठी आणि कानडी उत्तरं इंग्रजी रकान्यांत बसवत असे. रकाने आधी ठरलेले. पुरुषांचे प्रकार तीन: पैसे देणारा, पैसे न देणारा नियमित, पैसे न देणारा अनियमित. एका उत्तरात बाईनं म्हटलं होतं की मालक कधी देतो, कधी माझ्याकडून नेतो, पोराची फी भरतो, मारतोही. चौथा रकाना मागितला तर मिळाला नाही. आकडेमोड आधीच ठरली आहे असं उत्तर आलं. ‘मालक’ दुसऱ्या रकान्यात गेला आणि तिथं त्याचा सगळा संसार नाहीसा झाला.

हा ‘मालक’ ज्या एका मराठी कृतीत पूर्ण उंचीनं उभा आहे ती ‘व्हॅम्प’च्या बायकांनीच केलेली आहे. सुषमा देशपांडे यांच्यासोबत त्यांनी बसवलेलं नाटक, ‘माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ’. देशपांडे यांना आपण ‘व्हय मी सावित्रीबाई’साठी ओळखतो, बाईनं आपली गोष्ट थेट प्रेक्षकाला सांगण्याची त्यांची रीत इथं अनेक बायकांच्या हाती गेली आहे. सगळ्या नाटकाविषयी लिहायचं तर निराळा लेख लागेल. मला इथं त्याच्या नावापाशीच थांबायचं आहे, कारण एड्सवरच्या जाडजूड अहवालांत जे येत नाही ते त्या नावात आलं आहे.

‘घरवाली’ म्हणजे मुंबईच्या हिंदीत बायको. धंद्याच्या गल्लीत घरवाली म्हणजे घर चालवणारी, भाडं घेणारी, पोलिसांचं पाहणारी. ‘मालक’ म्हणजे शब्दार्थानं धनी. गल्लीत मालक म्हणजे तिचा माणूस. गिऱ्हाईक नव्हे, नवराही नव्हे, आणि दोन्ही थोडा थोडा. पण सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही खेड्यात जा, लग्नाची बायको नवऱ्याला काय म्हणते? ‘आमचं मालक रानात गेल्यात.’ म्हणजे नावातला शेवटचा दुवा, त्याची बायको, तीही त्याच माणसाला तोच शब्द वापरते. दोन बायका, एक मालक. गल्लीनं आपली नाती सांगायला संसारातलेच शब्द उचलले, कारण तिला दुसरे शब्द लागलेच नाहीत. इंग्रजीत हे नाव ‘मदर’ आणि ‘वाइफ’ या दोन शब्दांना भाषांतरू देतं आणि ‘घरवाली’, ‘मालक’ यांना नाही. ज्यांनी ते ठेवलं त्यांना भाषांतराची सीमा नेमकी कुठं आहे ते कळलं होतं.

आता हेच नाव साथरोगाच्या नकाशावर ठेवून पाहा. एड्स कसा पसरतो हे समजावताना तज्ज्ञ एक शब्द वापरतात, ‘ब्रिज पॉप्युलेशन’. जोखमीच्या गटाकडून सर्वसाधारण लोकसंख्येकडे विषाणू नेणारे पुरुष म्हणजे पूल. त्या पुलाच्या अलीकडे ‘लक्ष्यगट’, पलीकडे ‘जनता’. नाटकाचं नाव तोच प्रवास सांगतं, आईपासून मालकाच्या बायकोपर्यंत, पण त्यात पूल नाही. ‘माझी’, ‘तिचा’, ‘त्याची’ अशा षष्ठीच्या प्रत्ययांनी माणसं एकमेकांना धरून आहेत. गिऱ्हाइकाशी कंडोम वापरणारी बाई मालकाशी वापरत नाही, हे जगभरच्या पाहण्यांत आढळलेलं आहे. पाहणीत त्याला विसंगत वर्तन म्हणतात. त्या षष्ठीच्या प्रत्ययाकडे पाहिलं की त्यात विसंगत काय आहे ते मला कळेनासं होतं. जो ‘माझा’ आहे त्याच्यापासून रबरानं वेगळं व्हायचं, तर मग त्याच्यात आणि गिऱ्हाइकात फरक कसला?

संघटनेचं नावही असंच पाहण्यासारखं. १९९२ साली मीना सेषू यांच्या पुढाकारानं सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था सुरू झाली, आणि तिच्यातून १९९६ साली ‘व्हॅम्प’. त्या काळात सभ्य मराठीनं ‘देहविक्रय करणाऱ्या महिला’ अशी वाक्यरचना शोधून काढली होती. वृत्तपत्रं आजही तीच वापरतात. विक्रय म्हटलं की वस्तू हातातून जाते. इथं कुणाचा देह गेला? तो तर सकाळी उठून पाणी भरतो. बायका आपसांत ‘धंदा’ म्हणतात, आणि मराठीत किराणा दुकानही धंदाच असतं. संघटनेच्या नावात त्यांनी ‘वेश्या’ हा शब्द ठेवला, जो शिवी म्हणून अंगावर येत होता तोच.

शब्दाची निवड म्हणजे साहित्यिक चोचले असं कुणाला वाटत असेल तर २००३चा अमेरिकी कायदा आठवावा. जगभरच्या एड्सकामासाठी १५ अब्ज डॉलर जाहीर झाले, आणि त्यासोबत एक अट आली: पैसे घेणाऱ्या संस्थेनं आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं धोरण लिहून द्यायचं. म्हणजे एका वाक्यावर सही. ब्राझीलनं २००५ साली सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. त्याच वर्षी सांगलीच्या ‘संग्राम’नंही अमेरिकी पैसा नाकारला. ज्या बायका रोज गल्लीत कंडोम वाटत होत्या त्यांच्या विरोधात लिहून देऊन त्यांच्यासोबत काम कसं करायचं? पुढं २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही अट तिथल्या संस्थांपुरती रद्द केली. २०२० साली त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं की परदेशी संस्थांना तो दिलासा नाही. एका वाक्यासाठी इतकं भांडण. मला यापेक्षा गंभीर शैलीविचार ठाऊक नाही.

आणि भांडण नुसतं कागदावर नव्हतं. निपाणीत ‘व्हॅम्प’च्या कार्यकर्त्यांना धमक्या आणि पोलिसांचा जाच सोसावा लागला, ते ह्यूमन राइट्स वॉचच्या २००२च्या अहवालात नोंदलेलं आहे. सांगलीच्या गोकुळनगरमध्ये २००५च्या मे महिन्यात ‘सुटके’साठी छापा पडला. ‘आम्हाला वाचवणाऱ्यांपासून वाचवा’ ही या बायकांची घोषणा अशा दिवसांतून आली आहे. ती ऐकून पुण्या-मुंबईच्या सभागृहांत हशा पिकतो, तो मला कधी समजला नाही.

मग मराठी साहित्य या काळात काय करत होतं? नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले त्याआधी चौदा वर्षं. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या १९८५ आणि १९८८च्या. या तिन्ही पुस्तकांनी जमीन नांगरून ठेवली होती. सीमाभागाची बोली, देवीचा धाक, जोगत्याचं अंग, गल्लीची शिवी, सगळं मराठीत येऊन गेलं होतं. आजार मागाहून आला, आणि तेव्हा साहित्याची कमान जाहिरातीनं घेतली. भिंतीभिंतीवर कवटी आणि हाडं आली. २००२च्या डिसेंबरात मुंबईच्या फलकांवर ‘बलबीर पाशाला एड्स होईल का’ असा प्रश्न झळकला. जाहिरात म्हणून ती यशस्वी होती, लोक लोकलमध्ये त्यावर बोलू लागले. पण तिच्या गोष्टीत विषाणूचं घर एकच, मंजुळा नावाची धंदेवाली. महिला संघटनांनी त्यावर बोट ठेवलं ते योग्यच होतं. बलबीरकडून मंजुळेला काय झालं असा फलक लागला नाही.

चित्रपटांत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी १९९७ साली ‘जिंदगी जिंदाबाद’ केला, महेश मांजरेकरांनी २००० साली ‘निदान’. दोन्ही मराठी मंडळींचे, दोन्ही हिंदीत. हा विषय घरच्या भाषेत नको असा काही संकेत होता की काय कोण जाणे. ‘निदान’मधली मुलगी रक्त चढवल्यामुळे बाधित होते. प्रेक्षकानं रडावं म्हणून तिचं निष्पाप असणं गरजेचं ठरतं, आणि त्यातून आपोआप उरलेले सगळे पापी ठरतात. २००५ साली ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’नं ही वजाबाकी नाकारली. त्यामागं गोव्याच्या डॉमनिक डिसोझांचं खरं आयुष्य होतं. १९८९ साली पोलिसांनी त्यांना नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबलं, तेही गोव्याच्या कायद्याचा आधार घेऊन. त्यांना हा आजार कसा झाला याची चौकशी चित्रपट करत नाही. हा संयम मराठी गोष्टीला अजून जमायचा आहे.

इथं बेंगळुरूत कानडी रंगभूमीवर मी एक वेगळी शक्यता पाहिली. ए. रेवती यांनी या शहरात ‘संगमा’ संस्थेत वर्षानुवर्षं काम केलं; त्यांचं आत्मकथन मूळ तमिळ, व्ही. गीता यांच्या इंग्रजी भाषांतरात ते २०१० साली आलं, आणि दु. सरस्वती यांनी ते ‘बदुकु बयलु’ म्हणून कानडीत नेलं. हेग्गोडूच्या ‘जनमनदाट’नं त्याचं नाटक केलं. तमिळ बाईचं जगणं कानडी नटांच्या तोंडून ऐकताना शेजारचे प्रेक्षक हसत होते, मग गप्प होत होते. त्यात आजार आहे, पण तो एकटा नाही. मार आहे, नोकरी आहे, आईच्या घराचा उंबरठा आहे. संस्थेच्या अहवालात आजार हा नायक असतो. रंगमंचावर तो गर्दीतला एक झाला होता, आणि त्यामुळे खरा वाटत होता.

गोष्टीचा आकार औषधानंही बदलला, याची दखल साहित्यानं फारशी घेतलेली नाही. वर्षाला १० हजार डॉलरच्या वर असलेला तीन औषधांचा खर्च २००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘सिप्ला’नं ३५० डॉलरवर आणून ठेवला. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता फक्त ते बनवण्याच्या रीतीवर दिली होती, म्हणून हे शक्य झालं. १ एप्रिल २००४पासून सरकारी रुग्णालयांत औषध फुकट मिळू लागलं. बेंगळुरूचं बोरिंग रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी. तेव्हापासून एड्सची गोष्ट मरणाची न राहता रोजच्या गोळीची झाली. गोळीची वेळ, ती सासूपासून लपवायची जागा, दर महिन्याला रांगेत उभं राहण्यासाठी शोधायची सबब, ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं याची तयारी. ‘एड्स सूत्र’ २००८चं असूनही त्याचा सूर बहुतेक शोकगीताचाच आहे. एक वर्ष आधीच देशातल्या बाधितांचा अंदाज सुमारे ५७ लाखांवरून २५ लाखांवर उतरला होता. प्रलयाची भविष्यवाणी खोटी ठरल्यावर जे लाखो लोक जिवंत उरतात, त्यांच्यासाठी प्रलयाची भाषा निरुपयोगी असते. मधुमेहाच्या गोळीवर मराठीत विनोदी लेख आहेत, घरोघरच्या गप्पा आहेत. या गोळीवर अजून गप्पा होत नाहीत, आणि गप्पा नाहीत तिथं कादंबरी येत नाही.

सांगलीच्या त्या नाटकाच्या नावातली चौथी व्यक्ती, ‘हिज वाइफ’, हिच्याकडून मात्र काहीच आलेलं नाही. आईची पोरं बोलली, घरवाली बोलली, मालकाविषयी पुष्कळ बोललं गेलं. धंद्यातल्या बाईला संघटना मिळाली, माहितीपट मिळाला, त्यावर उत्तर द्यायला कॅमेरा मिळाला. जत, आटपाडी, अथणीच्या शेतातल्या बायकोला यातलं काही मिळालं नाही. ती या सगळ्या साहित्यात एकदाच येते, आकडा होऊन. देशातली साथ मोजण्यासाठी ज्या पाहण्या वर्षानुवर्षं झाल्या त्यांत गरोदर बायकांचं रक्त वापरलं जाई. दुसऱ्या तपासणीसाठी काढलेल्या रक्तातलं थोडं बाजूला घ्यायचं, चिठ्ठीवरचं नाव काढून टाकायचं आणि मग तपासायचं. निष्कर्ष कुणाचा ते कुणालाच कळू नये, अशी ती पद्धत होती. दिल्लीला आकडा गेला, त्यावर योजना झाली, त्यावर पुस्तकं निघाली. आणि जिचं रक्त होतं ती दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घेऊन, एसटीनं, मालकाच्या घरी परत गेली.